श्वेत द्राक्षमद्य, नाशिकचे

श्वेत द्राक्षमद्य, नाशिकचे : महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात मुख्यतः सोव्हिन्यॉन ब्लां व शेनिन ब्लां या द्राक्षप्रकारांपासून तयार होणारे फिकट रंगाचे, ठळक आंबटपणाचे व साखर जवळजवळ शिल्लक नसलेले मद्य. वाइनच्या व्यापारात अशा मद्यास ‘ड्राय’ म्हणजे कोरडे म्हणतात. द्रवाला कोरडे म्हणणे मराठी कानास चमत्कारिक वाटते. परंतु येथे कोरडेपणाचा अर्थ गोडीचा अभाव एवढाच आहे. रसातील साखरेचे किण्वन (यीस्ट या सूक्ष्मजीवांमुळे साखरेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत होणारे रूपांतर) पूर्ण होऊ दिले म्हणजे मद्य कोरडे होते. एका लिटरमध्ये साधारणतः ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर उरली असता ते या वर्गात बसते. श्वेत मद्यासाठी द्राक्षे दाबून रस साली-बियांपासून लगेच वेगळा करतात, तर तांबड्या मद्यात रस सालींसह आंबवितात. दोहोंतील मुख्य भेद हाच होय.

गोडी नसलेल्या मद्यात चव टिकून राहते ती अम्लामुळे. अम्ल कमी पडले की असे मद्य पाणचट व निर्जीव लागते. म्हणून उष्ण कटिबंधात, २०° उत्तर अक्षांशाच्या आसपास, आंबटपणा राखून द्राक्ष पिकविणे हा नाशिकच्या श्वेत मद्याचा मूळ प्रश्न आहे. बागेतील बहुतेक कामे आणि कारखान्यातील बहुतेक यंत्रे या एका प्रश्नाभोवती फिरतात.

प्रदेश : नाशिक, दिंडोरी, निफाड व इगतपुरी या तालुक्यांत मद्यद्राक्षांच्या बागा व मद्यनिर्मितीचे कारखाने एकवटले आहेत. हा भाग सह्याद्रीच्या पूर्व उतारास लागून असून त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. ६०० मी. आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून गंगापूर धरणातून नाशिक शहराकडे येते; दारणा व कादवा या तिच्या उपनद्या याच पट्ट्यातून वाहतात. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. नदीकाठची काळी, खोल जमीन ऊस व भाजीपाल्यास चांगली. पण तीत वेल पानोळ्याने माजतो व घड उशिरा पिकतो. मद्यद्राक्षांस उताराची, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन अधिक मानवते. पूर्वी हलकी म्हणून गवतासाठी सोडलेली कित्येक रानेही अशा बागांखाली आली आहेत.

पश्चिमेस इगतपुरीकडे पाऊस अतिशय जास्त पडतो आणि पूर्वेस निफाडकडे जाता जाता तो झपाट्याने कमी होतो. पावसाळा सरला की आकाश निरभ्र राहते. डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान सु. २८° से. पर्यंत जाते, तर रात्री ते १०° से. च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरते. राज्यातील हिवाळ्याच्या नीचांकी तापमानांत निफाडचे नाव वारंवार येते. दिवस व रात्र यांच्या तापमानांतील ही तफावत म्हणजे या प्रदेशाचे खरे भांडवल होय.

इतिहास : दख्खनमध्ये द्राक्षाची लागवड जुनी आहे. भोकरी, फकडी, साहेबी व हबशी या जुन्या जाती पुढे मागे पडल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने बागा व्यापल्या. ही सर्व द्राक्षे ताजी खाण्याची अथवा बेदाण्याची होती. मद्याचा आधुनिक उद्योग प्रथम पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे सुरू झाला. शामराव चौगुले यांच्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ मद्य काढून ते ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशीही पाठविले. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत येथेही त्याच सुमारास फेसाळ मद्याचा प्रयत्न झाला.

कोरड्या श्वेत मद्याची परंपरा मात्र राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्सपासून मोजावी लागते. गंगापूर धरणाजवळ १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यॉन ब्लां व शेनिन ब्लां यांची लागवड होऊन २००० मध्ये त्यांची मद्ये बाजारात आली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. अबकारी शुल्कात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने उभारली. त्यापाठोपाठ अनेक छोटे कारखाने निघाले. पुढे भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंदही झाली. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातही मद्यद्राक्षांच्या मोठ्या बागा आहेत. तथापि तेथील उन्हाळा नाशिकपेक्षा कडक असतो.

द्राक्षप्रकार : दोन्ही मुख्य प्रकार व्हिटिस व्हिनिफेरा या जातीतील असून त्यांचे प्रसिद्ध क्षेत्र फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे हे आहे. तेथील सांसेर गावचे सोव्हिन्यॉन आणि व्हूव्रे गावचे शेनिन जगभर प्रसिद्ध आहेत. ल्वारचे खोरे ४७° उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे नाशिकच्या उत्तरेस सु. सत्तावीस अंश. न्यूझीलंडमधील मार्लबरो भागात आधुनिक लागवडीस १९७३ मध्ये प्रारंभ झाला आणि थोड्याच वर्षांत तेथील सोव्हिन्यॉनने स्वतंत्र कीर्ती मिळविली. नव्या प्रदेशात जुना वेल नवे गुण दाखवू शकतो, ही आशा नाशिकच्या उद्योजकांना त्या उदाहरणावरून वाटणे स्वाभाविक होते. मात्र मार्लबरो समशीतोष्ण कटिबंधात आहे, हा फरक विसरता येत नाही.

सोव्हिन्यॉन ब्लांचा वास दोन प्रकारच्या द्रव्यांमुळे येतो. मेथॉक्सिपायराझिन वर्गातील द्रव्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा किंवा ताज्या कापलेल्या गवतासारखा वास देतात; ऊन व उष्णता यांनी ती घटतात. गंधकयुक्त थायॉल द्रव्ये रसात बद्ध स्वरूपात असतात व किण्वनाच्या वेळी यीस्टमुळे मोकळी होऊन पेरू, पपनस यांसारखा वास देतात. नाशिकच्या चांगल्या मद्यात दुसरा वास पुढे असतो आणि हिरवा वास मागे. शेनिन ब्लांचा स्वभाव निराळा आहे. त्याचा वास सौम्य असून अम्ल टिकविण्याची त्याची क्षमता मोठी आहे. उत्पन्नही तो अधिक देतो. यामुळे त्याची थोडी गोडी ठेवलेली मद्ये नाशिकमध्ये पुष्कळ निघतात व नवख्या ग्राहकास ती आवडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते शेनिनचे कोरडे मद्य या हवामानास अधिक अनुरूप आहे. सोव्हिन्यॉनच्या नावाला बाजारात वजन असल्याने त्याकडे दुर्लक्ष झाले.

अम्ल व उष्णता : द्राक्षाच्या मण्यात टार्टारिक व मॅलिक अशी दोन प्रमुख अम्ले असतात. कच्च्या मण्यात दोन्ही भरपूर असतात. बागायतदार ज्याला ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतात त्या अवस्थेपासून मणी मऊ व पारदर्शक होऊ लागतो, साखर वाढते आणि अम्ल घटू लागते. टार्टारिक अम्ल बरेच स्थिर असते. मॅलिक अम्ल मात्र मण्याच्या श्वसनात इंधनासारखे खर्च होते. श्वसनाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. म्हणून रात्र जितकी थंड तितके हे अम्ल अधिक शिल्लक राहते. उबदार रात्रींत वेल साखर भरतच राहतो, परंतु आंबटपणा गमावतो.

युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो, वसंतात फुटतो आणि त्याचे फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते. म्हणजे तेथे पिकण्याचा काळ उन्हाकडून थंडीकडे सरकतो. तोडणीस आठवडा उशीर झाला तरी हवा साथ देते. नाशिकमध्ये वेलास खरी विश्रांती नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवितात, त्या काड्यांत घडांचे अंकुर तयार होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केल्यावर तेच अंकुर घडांसह फुटतात. पहिल्या छाटणीनंतरचे पीक घेत नाहीत, कारण ते ऐन पावसाळ्यात येऊन केवडा रोगास बळी पडेल. फळछाटणीनंतरचे पीक जानेवारीपासून मार्चपर्यंत पिकते. येथे पिकण्याचा काळ थंडीकडून उन्हाकडे सरकतो. जानेवारीअखेर तोडलेल्या घडात जो आंबटपणा असतो तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सापडत नाही. तेव्हा युरोपात वाट पाहणे हा शहाणपणा असला, तरी नाशिकमध्ये वाट पाहणे हेच नुकसान.

यावर उपाय म्हणून फळछाटणी लवकर करावी असे सहज सुचते. परंतु सप्टेंबरच्या आरंभी छाटलेल्या बागेत नवी फूट परतीच्या पावसात सापडते आणि केवड्याने कोवळे घड जळून जातात. उशिरा छाटावे तर पक्वता उन्हात जाते. या दोन संकटांमधील मोजक्या दिवसांत बागायतदाराला छाटणीची तारीख ठरवावी लागते, आणि त्या तारखेवरच चार महिन्यांनंतरच्या मद्याचा गुण बराचसा ठरून जातो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाल्यास हाही हिशेब कोलमडतो.

घडांवर पानांची सावली राखणे, उत्पन्न मर्यादित ठेवणे, शेवटच्या टप्प्यात पाण्यावर ताण देणे हे इतर उपाय होत. तोडणी पहाटे अथवा रात्री दिव्यांच्या उजेडात करतात, म्हणजे द्राक्षे थंड असतानाच कारखान्यात पोहोचतात. हे काम करणारे मजूर बहुधा पेठ, सुरगाणा व दिंडोरी या आदिवासी भागांतून टोळ्यांनी येतात. नाशिकच्या मद्यावर लिहिणारे यंत्रांचे वर्णन तपशिलाने करतात. घड न चिरडता, सडके मणी वेचून काढीत अंधारात तोडणी करणाऱ्या या हातांचा उल्लेख क्वचितच होतो.

निर्मिती : साखरेचे प्रमाण २० ते २२ अंश ब्रिक्स झाले की तोडणी करतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात द्राक्षे हलके दाबून रस काढतात व थंड करून एक-दोन दिवस निवळू देतात. पुढे यीस्ट घालून थंड पाणी खेळविलेल्या दुहेरी भिंतींच्या पोलादी टाक्यांत १२° ते १६° से. तापमानास तो सावकाश आंबवितात. तापमान वाढल्यास किण्वन धडाक्याने होऊन नाजूक वास उडून जातो. त्यामुळे विजेचा अखंड पुरवठा ही येथे चैनीची बाब राहत नाही. किण्वन संपल्यावर मद्यात सु. १२ ते १३ टक्के अल्कोहॉल असते. तांबड्या मद्यात जीवाणूंकडून मॅलिक अम्लाचे सौम्य लॅक्टिक अम्लात रूपांतर मुद्दाम होऊ देतात. तरतरीत श्वेत मद्यात ते थंडावा व सल्फर डाय-ऑक्साइड यांच्या योगे टाळतात. अम्ल कमी पडल्यास टार्टारिक अम्ल वरून घालण्याची रीत उष्ण प्रदेशांत सर्वत्र आहे व तीत गैर काही नाही; पण वरून घातलेले अम्ल जिभेला वेगळे कळते.

अशी मद्ये लाकडी पिंपात मुरवीत नाहीत. ती काही महिन्यांत बाटलीत भरतात आणि एक-दोन वर्षांत पिणे इष्ट असते. बाटलीस बुचाऐवजी फिरकीचे झाकण सर्रास वापरतात. ८° ते १०° से. तापमानास त्यांचा स्वाद उत्तम लागतो. जुने तितके चांगले, हा दारूविषयीचा सर्वसाधारण समज येथे पूर्णतः चुकीचा आहे. उन्हाळ्यात उघड्या टेम्पोतून वाहिलेली किंवा दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली बाटली बागेतील व कारखान्यातील सर्व श्रम एका आठवड्यात फुकट घालविते.

बागायतदार व बाजार : मद्यद्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा व बियांचा असतो. तो ताजा खाण्यासाठी विकला जात नाही आणि बियांमुळे त्याचा बेदाणाही होत नाही. थॉम्पसनच्या बागायतदारास निर्यात, देशी बाजार व बेदाणा असे तीन मार्ग असतात. मद्यद्राक्षाच्या बागायतदारास कारखाना हा एकच. वेल खुंटरोपावर कलम करून लावल्यापासून पहिले पीक येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून कारखान्याशी केलेला करार म्हणजेच त्याची बाग, असे म्हटले तरी चालेल. २००१ नंतरच्या उत्साहात लागवड वेगाने वाढली. २००८ मधील जागतिक मंदी व त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल-व्यवसाय मंदावला, कारखान्यांत मद्य साचले आणि पुढील दोन-तीन हंगामांत अनेकांनी उभ्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्यानंतरची वाढ अधिक सावध असून मोठ्या कारखान्यांशी दीर्घ मुदतीचे करार करण्याकडे कल आहे.

मद्य हा केवळ शेतमालाचा प्रश्न नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि राज्यातील वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा शेतकऱ्यांच्या हिताचा युक्तिवाद पुढे करण्यात आला. उलट अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास विरोध केला व नंतर शासनाने लोकांच्या हरकती-सूचना मागविल्या. वाइन सौम्य असली तरी मद्यच आहे, ही गोष्ट उद्योगाच्या कौतुकात झाकली जाऊ नये.

गोदावरीचे पाणी व बीड जिल्हा : ज्या नदीच्या वरच्या खोऱ्यात या बागा आहेत तीच पुढे पैठण येथे जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागरात येते व त्यानंतर बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गेवराई, माजलगाव व परळी तालुक्यांना लागून वाहते. जायकवाडीचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात येतो आणि सिंदफणेवरील माजलगाव धरण याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील आहे. बालाघाटच्या पठारावरील पाटोदा, केज, आष्टी हे भाग तर या कालव्यांपासूनही दूर राहतात. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे भरलेली आणि नाथसागर रिकामा, अशी स्थिती अवर्षणाच्या वर्षी उत्पन्न होते. मेंढीगिरी समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे तत्त्व आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मान्य केले.

या वादात मद्यद्राक्षाकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ठिबक सिंचनावरील व मुद्दाम ताण दिलेली मद्यद्राक्षाची बाग उसाच्या मानाने फारच थोडे पाणी घेते. ऊस तर वरच्या खोऱ्यातही आहे व जायकवाडीच्या खालीही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनी वाटपाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन काटकसरीचा जो पायंडा पाडला, त्याचा लाभ द्राक्षबागांनाच अधिक झाला. तरीही पाण्याच्या हिशेबात ‘किंमत अधिक देणारे पीक’ एवढा एकच निकष लावणे धोक्याचे आहे. प्यावयाच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावास हा निकष समजावून सांगता येत नाही.

बीड जिल्ह्यात अशा मद्याची निर्मिती होऊ शकेल काय, हा प्रश्न मराठवाड्यात अधूनमधून विचारला जातो. बालाघाटावरील मुरमाड जमीन वेलास अयोग्य नाही. पाण्याची शाश्वती व थंड रात्रींचा कालावधी यांबाबत मात्र हा भाग नाशिकच्या मागे आहे. जिल्ह्याचे खरे फळ सीताफळ होय. डोंगरउतारावर ते आपोआप येते, उन्हाळ्यात पाणी न देताही तगते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले असून अंबाजोगाई येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. सीताफळाच्या गरात साखर भरपूर असल्याने त्याचे किण्वन सहज होते. परंतु त्यात अम्ल फारच कमी असते, गर हवा लागताच काळवंडतो आणि तापविल्यास कडवट होतो. म्हणजे कोरड्या, आंबटसर श्वेत मद्याला जे लागते नेमके तेच या फळात नाही. त्याचा गर गोठवून आइसक्रीम व रबडीसाठी पुरविणे हा मार्ग अधिक शहाणपणाचा असून शीतगृहे उपलब्ध झाल्यास डोंगराकडेच्या शेतकऱ्यास त्यातून हंगामाबाहेरही पैसा मिळू शकतो.